गॅमा किरण उशिरा पोहोचले, तर दोष कुणाचा?

गॅमा किरण म्हणजे सर्वात जास्त ऊर्जेचा प्रकाश. त्यांचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. दृश्य प्रकाशाचा तोच, क्ष-किरणांचा तोच आणि रेडिओ लहरींचाही तोच.

या आकड्यापुढे दशांश नाहीत. कारण १९८३पासून तो मोजलाच जात नाही, ठरवून टाकलेला आहे. सेकंदाचे २९,९७,९२,४५८ भाग केले, तर त्यातल्या एका भागात प्रकाश निर्वातात जेवढं अंतर कापतो तो एक मीटर, अशी मीटरची व्याख्याच आहे. त्यामुळे उद्या कुणी प्रकाशाचा वेग जास्त काटेकोरपणे मोजला, तर आकडा बदलणार नाही, मोजपट्टी बदलेल.

रोजच्या हिशेबासाठी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरा. मुंबई-पुणे अंतर अर्ध्या मिलिसेकंदात. चंद्रापासून पृथ्वीपर्यंत १.२८ सेकंद, सूर्यापासून ८ मिनिटं १९ सेकंद. आणि एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी. ही फूटपट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतपत माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. अडचण पुढे आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी पाहिल्या तर गॅमा किरण कधी दोन सेकंद ‘उशिरा’ आलेले दिसतात, कधी चार मिनिटं, कधी चक्क अकरा दिवस. वेग सगळ्यांचा एकच असेल तर हा उशीर येतो कुठून?

ऊर्जा जास्त, वेग तोच

आधी एक गैरसमज दूर करू. जोरात मारलेल्या चेंडूत ऊर्जा जास्त असते, म्हणून गॅमा किरणही जास्त वेगाने धावत असणार असं मनाला सहज पटतं. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते (कणांची ऊर्जा मोजायचं हे एकक). गॅमा फोटॉनची सुरुवातच साधारण एक लाखापासून होते, आणि वरच्या टोकाला लाख कोटींच्याही पुढे जाते. एवढा फरक असूनही वेगात फरक का नाही?

चेंडूला वस्तुमान आहे. त्याला दिलेली ऊर्जा वेगाच्या रूपात दिसते. फोटॉनला वस्तुमान नाही. तो एकाच वेगाने जाऊ शकतो, थांबू शकत नाही, रेंगाळू शकत नाही. त्याची ऊर्जा दिसते ती वारंवारितेत, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते त्यात. मैफिलीत बसलेल्यांना हे पटायला हरकत नाही. खर्जातला षड्ज आणि तार षड्ज शेवटच्या रांगेपर्यंत एकाच वेगाने पोहोचतात, नाहीतर पुढच्यांना सुरेल वाटलेली तान मागच्यांना विस्कटलेली ऐकू आली असती. स्वर उंच झाला म्हणून तो लवकर पोहोचत नाही. (आवाजाला हवा लागते, प्रकाशाला काहीच लागत नाही. उपमा इथवरच ताणायची.)

सुटण्याची वेळ कुणी लिहिली?

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. वेळ काढायची तर गाडी कधी सुटली आणि कधी पोहोचली, दोन्ही हवं. अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांची पोहोचण्याची वेळ उपग्रहावरचा शोधक दोन-चार मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक नोंदवतो. सुटण्याची वेळ मात्र कुणीच नोंदवलेली नसते.

त्यावर एकच तोड आहे, ती म्हणजे शर्यत. एकाच ठिकाणाहून, जवळजवळ एकाच वेळी सुटलेले दोन धावपटू शोधायचे आणि कोण किती मागे राहिला ते पाहायचं. धाव जितकी लांब, तितका वेगातला बारीकसा फरकही उघडा पडतो.

अशी सर्वात गाजलेली शर्यत १७ ऑगस्ट २०१७ रोजी संपली. एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर, दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिदाट गाभे, एकमेकांभोवती फिरत फिरत आदळले. त्या धडकेच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेले तरंग, आपल्याकडे संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं ४ सेकंदांनी पोहोचल्या. सुमारे १.७४ सेकंदांनी गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहावर त्यांची झुळूक आली. ती जेमतेम दोन सेकंद टिकली. इंटिग्रल या दुसऱ्या उपग्रहानेही ती टिपली.

गंमत अशी की गुरुत्वीय लहरी आधी येऊनही बातमी आधी गॅमा किरणांची फुटली. फर्मीने स्फोटानंतर १४ सेकंदांत आपोआप सूचना पाठवली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या हॅनफर्डच्या शोधकाने संकेत पकडला, पण लिव्हिंग्स्टनच्या शोधकात नेमका त्याच वेळी, धडकेच्या साधारण एक सेकंद आधी, उपकरणातलाच एक मोठा खरखराट आला होता. संगणकाने तो तुकडा बाद ठरवला. माणसांनी आलेख डोळ्यांनी पाहिला तेव्हा खरखराटाच्या मागे चढत जाणारी स्वच्छ रेघ दिसली.

आता हिशेब करू. या घटनेच्या अंतराच्या अंदाजात अनिश्चितता होती, म्हणून संशोधकांनी मुद्दाम खालचं टोक, सुमारे साडेआठ कोटी प्रकाशवर्षं, घेतलं. अंतर कमी धरलं की निष्कर्ष सावध राहतो. साडेआठ कोटी वर्षं म्हणजे साधारण २७ वर चौदा शून्यं इतके सेकंद. दोन्ही लहरी एकाच क्षणी सुटल्या आणि गॅमा किरण खरोखरच हळू धावले असं मानलं, तर १.७४ भागिले ती संख्या, म्हणजे एक कोटी कोटींत ०.०७ भाग इतका फरक. उलट बाजूही पाहिली गेली. गॅमा किरण धडकेनंतर १० सेकंदांनी सुटले असं धरलं, तर त्यांनी वाटेत आठेक सेकंद भरून काढले, म्हणजे ते किंचित वेगवान ठरतील. तेव्हाही फरक एक कोटी कोटींत ०.३ भागाच्या आसपासच राहतो. यापेक्षा जास्त फरकाला जागाच उरत नाही.

मग १.७४ सेकंदांचा उशीर खरा कशामुळे? सर्वात साधं उत्तर असं की किरण उशिराच सुटले. तारे आदळले, त्यांच्या मलब्यातून पदार्थाचा झोत तयार झाला, तो भोवतालच्या राडारोड्यातून बाहेर पडला, तेव्हा कुठे गॅमा किरण मोकळे झाले. घरातून निघायलाच दोन सेकंद लागले.

असंच १९८७च्या महानवताऱ्यात, म्हणजे एका ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटात, झालं होतं. पदार्थातून जवळपास न अडता जाणारे न्यूट्रिनो कण प्रकाशाच्या दोन-तीन तास आधी पृथ्वीवर आले. कण प्रकाशाला हरवून आले नव्हते. ते ताऱ्याच्या गाभ्यातून थेट निघाले, प्रकाशाला मात्र स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत येईतो थांबावं लागलं. आपल्या सूर्याच्या गाभ्यातही सतत गॅमा किरण तयार होतात. पण तिथे पदार्थ इतका दाट आहे की ते पावलापावलावर शोषले जातात आणि नवीन दिशेला पुन्हा सुटतात. ती ऊर्जा बाहेर यायला हजारो वर्षं लागतात आणि ती येते साध्या उन्हाच्या रूपात. प्रत्येक पाऊल प्रकाशाच्या वेगाने पडतं, फक्त ते कुठल्याच दिशेला धड जात नाही.

गॅमाविरुद्ध गॅमा

दुसऱ्या प्रकारची शर्यत जास्त खोचक आहे. त्यात गुरुत्वीय लहरींची गरज नाही. कमी ऊर्जेचे आणि जास्त ऊर्जेचे गॅमा किरण एकमेकांविरुद्ध पळवायचे. काही सिद्धांतांनुसार अतिसूक्ष्म पातळीवर अवकाश गुळगुळीत नाही, खडबडीत आहे. तसं असेल तर फार लहान तरंगलांबीच्या किरणांना तो खडबडीतपणा जाणवेल आणि ते किंचित मागे पडतील.

९ जुलै २००५च्या रात्री मार्केरियन ५०१ या दीर्घिकेच्या भडक्यात तसं काही दिसलंही. ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीला १.२ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे किरण पाव लाख कोटीच्या खालच्या किरणांपेक्षा सुमारे चार मिनिटं मागे आलेले आढळले. चर्चा खूप झाली. पण एका घटनेवरून वेगाला दोष देता येत नाही, कारण भडक्याच्या जागी कणांना ऊर्जा हळूहळू चढत असेल, तर जास्त ऊर्जेचे किरण तिथून निघतातच उशिरा.

१० मे २००९च्या एका छोट्या गॅमा स्फोटाने हा वाद बराचसा मिटवला. त्याच्या प्रकाशाने ७३० कोटी वर्षं प्रवास केला होता. त्यात ३१०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन होता. स्फोट दिसू लागल्यापासून तो एका सेकंदाच्या आत फर्मीच्या शोधकात आला. ७३० कोटी वर्षांच्या धावेत मागे पडला असेलच, तर एका सेकंदापेक्षा कमी. मार्केरियनचा उशीर वेगातल्या फरकाने झाला असता, तर हा फोटॉन कितीतरी मागे राहायला हवा होता.

याच फोटॉनमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. विश्व पसरत असल्याने वाटेत त्याची तरंगलांबी ताणली गेली. निघताना त्याची ऊर्जा सुमारे ५९०० कोटी होती, पोहोचताना ३१०० कोटी उरली. जवळपास निम्मी ऊर्जा गेली, वेग मात्र तसाच राहिला.

पुढे ९ ऑक्टोबर २०२२ला आजवरचा सर्वात तेजस्वी गॅमा स्फोट झाला. चीनमध्ये ४४१० मीटर उंचीवरच्या लासो वेधशाळेने त्यातले ६४,००० हून अधिक अतिऊर्जावान फोटॉन मोजले. त्यातही ऊर्जेप्रमाणे मागेपुढे झाल्याची खूण सापडली नाही.

रेडिओ मागे का पडतो

अवकाश पूर्ण रिकामं नसतं. ताऱ्यांमध्ये विरळ वायू आहे आणि त्यात मोकळे इलेक्ट्रॉन आहेत. त्यांच्यामुळे कमी वारंवारितेच्या लहरी खरोखर अडखळतात. वारंवारिता निम्मी केली की उशीर चौपट होतो.

क्रॅब स्पंदकाचं उदाहरण घेऊ. हा सुमारे ६५०० प्रकाशवर्षांवरचा न्यूट्रॉन तारा ३३ मिलिसेकंदांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीला ठोका देतो, रेडिओतही आणि गॅमातही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिथे ४०० मेगाहर्ट्झवर तो ऐकला, तर रेडिओ ठोका सोबत सुटलेल्या गॅमा ठोक्याच्या सुमारे दीड सेकंद मागे असतो. तेवढ्यात ताऱ्याच्या ४४ फेऱ्या होऊन जातात. म्हणजे या क्षणी ऐकलेला रेडिओ ठोका आणि या क्षणी टिपलेला गॅमा ठोका एका फेरीचे नाहीतच. गॅमा किरणाला त्याच वायूमुळे होणारा उशीर इतका नगण्य आहे की कुठलंही घड्याळ तो दाखवू शकणार नाही.

ही दुरुस्ती करून दोन्ही ठोके एकाखाली एक मांडले, की गॅमाचा मुख्य ठोका रेडिओच्या सुमारे ०.३ मिलिसेकंद आधी पडतो. इथेही वेगाकडे बोट दाखवायचं नाही. ०.३ मिलिसेकंद म्हणजे साधारण ९० किलोमीटर. गॅमा आणि रेडिओ ताऱ्याभोवती वेगवेगळ्या जागांवरून निघतात, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो.

नवशिक्यांचा हिशेब बहुतेक वेळा या टप्प्यावर फसतो, आणि चूक आकाशात नसते, पत्त्यात असते. फर्मी पृथ्वीभोवती जवळून फिरतो. त्याच्या कक्षेचा व्यास सुमारे १३,८०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला ४६ मिलिसेकंद. ज्या ताऱ्याचा अख्खा ठोकाच ३३ मिलिसेकंदांचा, त्याच्यासाठी उपग्रह कक्षेत अलीकडे होता की पलीकडे हे धरलं नाही, तर ठोके एकमेकांत मिसळून सपाट रेघ उरते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, ती वेगळीच. तिच्यामुळे ठोक्यांमधलं अंतर दहा हजारांत एक भागापर्यंत बदलतं, आणि ते विसरलं तर साडेपाच मिनिटांत हिशेब पूर्ण एका ठोक्याने चुकतो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ आधी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन मांडतात, जणू शोधक तिथेच बसवला होता.

हळू होत नाहीत, संपतात

‘एवढ्या लांबून येताना गॅमा किरण थकत नाहीत का?’ हा प्रश्न हमखास येतो. थकत नाहीत, पण वाटेत नष्ट होऊ शकतात. पुरेशा ऊर्जेचा गॅमा फोटॉन तारकांच्या साध्या प्रकाशाच्या फोटॉनवर आदळला, तर दोघे मिळून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा विरुद्ध भाराचा जोडीदार) बनतात, आणि गॅमा तिथेच संपतो. लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमा किरणाला त्यासाठी पाव इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अवरक्त फोटॉनही पुरतो, आणि असे फोटॉन दीर्घिकांमधल्या पोकळीत भरपूर आहेत. म्हणून फार दूरच्या स्फोटातून अतिऊर्जावान किरण येतात ते मोजके. उरलेले मात्र वेळेवर येतात.

पृथ्वीच्या वातावरणातही तेच. हवेचा थर वजनाने दहा मीटर पाण्याइतका आहे, त्यातून अवकाशातले गॅमा किरण जमिनीवर येत नाहीत. मग लडाखमध्ये हान्ले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण काय पाहते? गॅमा किरण हवेत वर शिरताच मरतो, पण मरताना विद्युतभारित कणांचा वर्षाव मागे सोडतो. हवेत प्रकाश निर्वातापेक्षा किंचित हळू चालतो, समुद्रसपाटीला सेकंदाला सुमारे ९० किलोमीटर कमी. हे कण तेवढे हळू होत नाहीत. हवेतल्या प्रकाशाला ते मागे टाकतात, आणि त्यातून निळसर चमक निघते, जिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ती टिकते जेमतेम काही नॅनोसेकंद, म्हणजे दोन-चार फूटपट्ट्या जाडीची प्रकाशाची थाळी आकाशातून खाली येते. त्यामुळे कॅमेराही तितकाच चपळ लागतो. शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर रात्रीच्या आकाशाचा उजेडच त्या चमकेला गिळून टाकतो.

वेग ठाऊक, म्हणून दिशा कळते

वेग पक्का असण्याचा सर्वात मोठा उपयोग पत्ता शोधायला होतो. गॅमा किरण साध्या आरशाने एकवटता येत नाहीत, त्यामुळे एकट्या शोधकाला दिशा नीट कळत नाही. पण दूरदूरच्या यानांनी आपापली वेळ नोंदवली, की भूमिती मदतीला येते.

समजा दोन यानं २० कोटी किलोमीटर अंतरावर आहेत. प्रकाशाला हे अंतर कापायला ६६७ सेकंद लागतात. दोघांच्या वेळेत ६६७ सेकंदांचा फरक आला, तर स्फोट त्यांना जोडणाऱ्या रेषेतच झाला. फरक शून्य आला तर काटकोनात. ३३३ सेकंद आला तर रेषेशी ६० अंशांचा कोन. पण हा कोन रेषेच्या सर्व बाजूंनी सारखाच, म्हणून आकाशात बिंदू मिळत नाही, कडं मिळतं. तिसरं यान दुसरं कडं देतं, दोन कडी दोन बिंदूंत छेदतात, आणि त्यातला खरा कोणता हे चौथं यान सांगतं. घड्याळात ०.१ सेकंदाची चूक झाली, तर या अंतरावर दिशा चंद्रबिंबाच्या साठाव्या भागाइतकी चुकते. तीच चूक दहा हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन उपग्रहांत झाली, तर निष्कर्ष टाकून द्यावा लागतो, कारण त्यांच्यातला सगळा फरकच ३३ मिलिसेकंदांचा.

५ मार्च १९७९ला हे प्रत्यक्ष दिसलं. व्हेनेरा ११ आणि १२ ही सोव्हिएत यानं शुक्राजवळून पुढे निघाली होती. त्यांच्या शोधकात सेकंदाला शंभरेक फोटॉनची नेहमीची नोंद मिलिसेकंदाच्या अंशात दोन लाखांवर गेली. अकरा सेकंदांनी हेलिओस २ यानाचा शोधक भरून वाहिला. मग शुक्राभोवतीचं पायोनियर, मग पृथ्वीजवळचे उपग्रह. एकच लाट सूर्यमालेतून सरकत गेली आणि वाटेतलं प्रत्येक यान आपली वेळ लिहीत गेलं. त्या वेळांवरून दिशा निघाली ती मोठा मॅगेलन मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या एका महानवताऱ्याच्या अवशेषाकडे.

कधी कधी न दिसणंही कामी येतं. २०१७च्या त्या धडकेच्या वेळी भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाला काहीच दिसलं नाही. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा त्या उपकरणात मोठा वाटा आहे. स्फोट त्याच्यासाठी पृथ्वीआड होता, एवढ्या एका गोष्टीनेच शोधायचा आकाशाचा तुकडा निम्म्याहून कमी झाला.

अकरा दिवसांचा उशीर

बी०२१८+३५७ या दूरच्या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये दुसरी एक दीर्घिका आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश दोन वाटांनी वळतो. एक वाट जराशी लांबची आणि गुरुत्वाच्या जास्त खोल भागातून जाणारी. फर्मीने २०१२मधल्या भडक्यांवरून मोजलं, तर दोन वाटांतला फरक साडेअकरा दिवसांच्या आसपास निघाला. अब्जावधी वर्षांच्या प्रवासात साडेअकरा दिवस.

जुलै २०१४च्या मध्याला फर्मीला तिथे नवा भडका दिसला. मॅजिक दुर्बीण तो पाहू शकली नाही. त्या वर्षीची गुरुपौर्णिमा १२ जुलैला होती आणि आकाशात चंद्राचा लख्ख उजेड होता. पण त्याच किरणांचा दुसरा हप्ता लांबच्या वाटेने अजून यायचा होता. निरीक्षकांनी साडेअकरा दिवस पुढे मोजले आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, चंद्र नसलेल्या आकाशात, दुर्बीण तिकडे रोखून ठेवली. भडका ठरल्या वेळी आला.